थंडी कोंडणारे साडू

तापीच्या दोन्ही काठांवर मिळून थंडीला कोंडून ठेवू शकणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नात्याने माझा थोरला साडू लागतो. हे विधान मी पुरेसा विचार करून करीत आहे. आमच्या बऱ्हाणपुरात वैशाखातल्या दुपारी दाराच्या पितळी कडीला हात लावला की माणूस क्षणभर स्वतःचे नाव विसरतो, आणि राजपुरा पेठेतली कुत्री सावलीचा एकच तुकडा आपसांत वाटून घेऊन झोपतात. अशा गावात थंडी ही टिकणारी वस्तू नव्हे. माझे साडू मात्र तिला काचेच्या कपाटात बसवीत आणि ती मुकाट्याने बसून राही. दोन साडूंनी एकमेकांविषयी आदर बाळगू नये, असा आपल्याकडे अलिखित रिवाज आहे. सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी बसायचे आणि कोणाच्या पोळीवर तूप अधिक पडले ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचे, एवढेच त्या नात्याचे काम. मीही सुरुवातीची काही वर्षे ते मनोभावे केले. पुढे ते जमेनासे झाले. एखाद्या माणसाकडे पाहून आपण थक्क होऊ लागलो की त्याच्या तुपाकडे लक्ष जात नाही.

त्यांचा धंदा सांगितल्याखेरीज त्यांचे मोठेपण कळणार नाही, म्हणून वाचकांची क्षमा मागून थोडे यंत्रात शिरतो. मिठाईच्या किंवा दह्याच्या दुकानात दर्शनी बाजूला काचेचे जे थंड कपाट असते त्याला आम्ही काउंटर म्हणतो. चांगल्या काउंटरच्या पोटाखाली थंडी तयार करणारी एक वेगळी पेटी असते. कॉम्प्रेसर, जाळी, पंखा, सगळे त्या पेटीत. दोन स्क्रू काढले की ती खणासारखी पुढे ओढून बाहेर घेता येते आणि दुरुस्ती झाली की पुन्हा आत सरकवता येते. कपाट आणि पेटी जिथे एकमेकांना टेकतात तिथे दोन तोंडे असतात. एकातून गार हवा वर जाते, दुसऱ्यातून परत येते. या तोंडांभोवती बोटभर रुंदीची रबराची पट्टी असते. दुकानदाराची सारी अब्रू त्या पट्टीवर उभी असते, आणि बहुतेक दुकानदारांनी ती जन्मात पाहिलेली नसते. ती नीट बसली नाही की भट्टीजवळची दमट हवा आत ओढली जाते, जाळीवर बर्फ धरतो, काचेला घाम फुटतो आणि पेढा हळूहळू ओला होऊ लागतो. माझ्या साडूंचे काम ही पट्टी बसवण्याचे.

ते गावातल्याच लोधीपुऱ्यात राहतात. तरुणपणी यंत्रमाग दुरुस्त करीत. मग ती वर्षे आली, जेव्हा देशातले बाजार एकमेकांना जोडले जाऊ लागले. इंदूरची शेव, मुंबईचे आइस्क्रीम आणि कुठकुठली शीतपेये आमच्या गल्लीत येऊन बसली आणि प्रत्येकाला काचेचे थंड घर हवेसे झाले. गावात तेव्हा अर्धा डझन मिस्त्री निर्माण झाले. ते सगळे एकच करीत: पेटी आत ढकलायची आणि चारी बाजूंनी पांढरी चिकट पेस्ट थापून टाकायची. गळती थांबे, दुकानदार खूश होई. पुढच्या वेळी मात्र पेटी काढायला पहार लागे. साडूंना हे पाहून शारीरिक त्रास होत असे. "हे सील नाही शेठ, हे लिंपण आहे," ते मला म्हणत. मी मिठाईवाला असल्यामुळे ते मला शेठ म्हणतात आणि त्यात आदर किती व चेष्टा किती हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. "चूल लिंपावी तसं लिंपलंय. सील म्हणजे काय? हवा गेली नाही पाहिजे, अन् पेटी निघाली पाहिजे. दोन्ही!" असे म्हणून ते दोन बोटे वर करीत आणि समोरच्याला दोन्ही कळल्याची खात्री होईपर्यंत ती खाली आणत नसत.

फट या गोष्टीशी त्यांचे वैर दुकानापुरते नव्हते. माझ्या लग्नानंतर ते प्रथम आमच्या घरी आले तो प्रसंग आमच्याकडे अजून सांगितला जातो. दारात येताच ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी उंबऱ्याशी डोके टेकले. माझे वडील हेलावून गेले. "पाहा, केवढे संस्कार! उंबऱ्याला नमस्कार करणारा माणूस राहिलाय का आजकाल?" असे ते आईला म्हणत आहेत तोच जमिनीच्या पातळीवरून आवाज आला, "डावीकडं दीड सूत मोकळं आहे. धूळ इथूनच येते तुमच्याकडं." ते दाराखालून येणारा उजेड पाहत होते. वडिलांनी त्यानंतर त्यांच्या संस्कारांविषयी मत दिले नाही, पण सुताराला बोलावून डावीकडे पट्टी मात्र मारून घेतली. कोणाच्याही स्वयंपाकघरात गेले की साडू बोलता बोलता डब्यांची झाकणे दाबून पाहत. लग्नाच्या मांडवात सगळे अक्षता टाकीत असताना त्यांचा तळहात कनातीजवळ हवेचा शोध घेत उघडा असे, आणि ज्येष्ठ नातलग त्यावर प्रसाद समजून पेढा ठेवून जात.

लग्नपत्रिकांवर त्यांचे विशेष प्रेम होते, पण ते लग्नाकरता नव्हे. पत्रिका हाती आली की ते मजकूर न वाचता आधी चिमटीत धरून जाडी बघत. पसंत पडलेली पत्रिका कात्रीने लांब पट्ट्यांत कापली जाई आणि त्या पट्ट्या सदऱ्याच्या खिशात जात. पेटी बसवली की तिच्या आणि कपाटाच्या सांध्यात ते अशी एक पट्टी अडकवून हळूच ओढत. कागद सहज सुटला तर सील ढिले. फाटला तर उगीच जास्त आवळले. कुरकुरत, रेंगाळत, जणू माहेरून निघाल्यासारखा बाहेर आला, तर बरोबर. चारी बाजूंनी, वीत वीत अंतरावर, ही परीक्षा चाले. अनेक सन्माननीय कुटुंबांच्या वधूवरांची नावे अशा रीतीने माझ्या काउंटरखालून सरकलेली आहेत. एकदा आमच्या एका श्रीमंत नातलगाने फार गुळगुळीत, जाड, सोनेरी पत्रिका पाठवली. साडूंनी ती दोनदा वाकवून पाहिली आणि खेदाने परत पाकिटात घातली. "कामाची नाही," ते म्हणाले. ते लग्न पुढे मोडले. कारण अर्थातच वेगळे होते, पण आमच्या सासुरवाडीत त्यानंतर कोणाची पत्रिका छापायची झाली की कागद आधी साडूंना दाखवण्याची प्रथा पडली.

नवे रबर आणले की ते ताबडतोब वापरत नसत. रबराची पट्टी गुंडाळी होऊन प्रवास करते, तिच्या अंगात वळण भरते, आणि तशीच बसवली तर ती महिन्याभरात मूळ वळणावर जाते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून पट्टीला आधी कोमट पाण्याचे स्नान घालायचे, मग मऊ फडक्याने पुसून पलंगावर सरळ, सैल निजवायचे आणि एक अख्खा दिवस तिला कोणी हात लावायचा नाही. घरात पलंग एकच. पाहुणे जमिनीवर झोपत. मी एकदा तापाने फणफणलेला त्यांच्याकडे गेलो असताना मलाही सतरंजीच मिळाली, कारण पलंगावर एका दहीवाल्याचे रबर विश्रांती घेत होते. त्यांच्या पत्नीला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी दारातून विचारले, "उठली का तुमची लाडाची? का दूध-हळद देऊ तिला?" साडू गंभीरपणे म्हणाले, "संध्याकाळपर्यंत उठेल." अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सवत परवडली असती हो भाऊजी. ती निदान भांडी तरी घासती."

पण त्यांची सर्वांत थोर परीक्षा उदबत्तीची. पेटी बसली, कागद कुरकुरला, की ते चंदनाची एक उदबत्ती लावत आणि पंखा चालू करून ती सांध्याच्या कडेने अत्यंत सावकाश फिरवत. धूर सरळ वर गेला तर ठीक. एखाद्या जागी तो जरा जरी आत झुकला तर तिथे फट. या वेळी ते बोलत नसत, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेत. डोळे बारीक केलेला, गुडघ्यांवर बसलेला, धुराकडे एकाग्रतेने पाहत काउंटरला प्रदक्षिणा घालणारा हा माणूस पाहून गिऱ्हाईक आपोआप चपला काढी. एकदा एका म्हातारीने हात जोडून विचारले, "भैया, ये कौन से देवता की पूजा है?" मी काही सांगण्यापूर्वीच तिने बरणीजवळ फूल ठेवले होते. साडूंनी धुरावरची नजर न काढता तिला सांगितले, "माय, थोडं सरकून उभी राय. तुझ्या पदराचं वारं लागतंय देवाला."

आणि मी हे सांगितले नाही तर अन्याय होईल, की एवढ्या सोपस्कारांतून जे निघे ते खरोखर अचाट असे. डोईफोडिया गावात एका किराणा दुकानात थंड बाटल्यांचे काचेचे कपाट होते. वीज दिवसातून काही तास येई आणि दुपारी हटकून जाई. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर तिथे गेलो होतो. केळीच्या बागांमधून, मग जंगलाच्या कडेने, मोटारसायकलवर त्यांच्या मागे रबराची पेटारी मांडीवर घेऊन. दीड सुताच्या एका फटीसाठी. त्यांनी ती बुजवली, आम्ही जेवलो, वीज गेली. चार तासांनी निघताना दुकानदाराने कपाट उघडून मला एक बाटली दिली. बाहेर डांबर वितळत होते आणि माझ्या हातातल्या बाटलीवर दव होते. मी ती कितीतरी वेळ गालाला लावून उभा राहिलो. साडू दुकानदाराला सांगत होते, "आता हे दार उगी उगी उघडून बघू नको. आत थंडी हाय, तुझी बायको नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्या तुपाकडे पाहणे सोडले.

आता जे सांगायचे ते सांगितले पाहिजे. ते माझ्याविषयी आहे आणि म्हणूनच मी एवढा वेळ त्याच्या भोवती फिरत होतो.

वडिलांच्या पश्चात मी राजपुऱ्यातल्या आमच्या दुकानात जाळीचे कपाट काढून काउंटर आणला. साडूंनी त्याचे सील बसवले आणि एकच अट घातली. "पेटीला हात लावायचा नाही. पुसायची झाली, आवाज आला, काहीही झालं तरी मला बोलवायचं. माझा शब्द पेटी माझ्या हातची असेल तोवर." मी होकार दिला. दोन वर्षे काउंटर असा चालला की गल्लीतल्या आणखी चौघांनी साडूंकडून काम करून घेतले. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्याराची, यंत्राची पूजा होते. कढई, झारे, वजनकाटा यांना हळदकुंकू वाहून झाले, काउंटरच्या काचेला मी फूल वाहिले, आणि माझ्या मनात आले, ही तर नुसती काच. खरे यंत्र खाली अंधारात बसले आहे; वर्षभर राबणाऱ्याला सोडून आपण त्याच्या दारालाच ओवाळतो आहोत. भक्तीच्या भरात माणसाला आपण शब्द मोडतो आहोत असे वाटत नाही. दोन स्क्रू होते. साडूंच्या हातचे असल्यामुळे ते लोण्यासारखे सुटले. पेटी खणासारखी बाहेर आली. मी तिला कुंकू लावले, तिच्याभोवती पूजेचा लाल नाडा बांधला, नमस्कार केला आणि पुन्हा आत सरकवली. ती आत गेली तेव्हा मला फार प्रसन्न वाटले.

दिवाळीला तीन आठवडे होते. ऑक्टोबरचे ऊन, आत तीन कढया उकळत असलेल्या. पहिल्यांदा काचेच्या खालच्या कोपऱ्यात धुके दिसू लागले. मग कलाकंदाला पाणी सुटले. धनत्रयोदशीच्या सकाळी मी काउंटर उघडला आणि मला मावा आंबल्याचा वास आला. दुकानात वीसेक माणसे उभी होती. एका बाईने कालची बर्फी परत आणली होती आणि ती कागद उघडून सर्वांना हुंगायला देत होती. मी साडूंना निरोप पाठवला. ते आले तेव्हा माझ्या तोंडून, ज्याच्या तोंडून सहसा शब्द निघत नाही त्याच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत निघाले: "कसला शब्द साडूभाऊ? तुमच्या सीलनं माझी दिवाळी बुडवली." समोरचे दहीवाले आपल्या ओट्यावरून ऐकत होते. गल्लीतले बाकीचेही.

साडूंनी थैली खाली ठेवली. माझ्याकडे पाठ करून काउंटरपुढे गुडघ्यांवर बसले, दोन स्क्रू काढले, पेटी ओढली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. रबरावर, बरोबर उजव्या कडेला, लाल नाडा आडवा पडलेला होता. पेटी सरकवताना तो वर चढून सांध्यात सापडला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीकशी फट राहिली होती. आत जाळीवर मूठभर जाडीचा बर्फ. रबरावर माझ्या बोटाचे कुंकू. मग त्यांनी नाडा सोडवला, मुठीत घेतला, ती मूठ सदऱ्याच्या खिशात गेली आणि रिकामी बाहेर आली. अंगठ्याने त्यांनी कुंकू पुसले. उभे राहिले, वळले आणि माझ्याकडे न पाहता गिऱ्हाइकांकडे पाहून म्हणाले, "माझ्याकडनं चूक झाली. रबर वळलं होतं. शेठचा माल चांगला होता, मशीननं दगा दिला. आज जे परत आणाल ते सगळं बदलून मिळेल." ती बाई म्हणाली, "हां, ऐसा बोलो ना. दुकान तो अच्छी है." आणि गर्दी शांत झाली.

मी पाहिले होते. मी एक शब्द बोललो नाही. वाक्य तयार होते, तीन शब्दांचे होते. समोर वीस माणसे होती आणि मी गल्ल्यावर बसून खाली पाहत राहिलो.

गल्लीतल्या चौघांनी आठवड्याभरात साडूंना बोलावणे बंद केले. समोरच्या दहीवाल्यांनी तर ते नेहमीच्या तपासणीला गेले असता दारातूनच परत पाठवले. पांढरी पेस्ट थापणाऱ्या एका मिस्त्रीला राजपुरा मिळाला. साडू आजूबाजूच्या खेड्यांत फिरू लागले. पंचावन्नाव्या वर्षी दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकल. माझा काउंटर मात्र ते पूर्वीसारखाच येऊन पाहत, पत्रिकेची पट्टी ओढत, उदबत्ती फिरवत, चहा घेत आणि जात. माझ्या बायकोने एकदा मला विचारले, "दाजींच्या हातून अशी चूक होईल असं वाटत नाही हो. तुम्हाला वाटतं?" मी म्हणालो, "माणूस आहे." हे दोन शब्द मी उच्चारले त्याची लाज मला त्या गप्प राहण्याहूनही अधिक वाटते. अशा सहा दिवाळ्या गेल्या.

सातव्या वर्षी, भर उन्हाळ्यात, समोरच्या दहीवाल्यांचा काउंटर बंद पडला. पेटी काढायला दोन माणसे पहार घेऊन बसली. पेस्ट दगडासारखी झाली होती. सकाळपासून ठोकाठोक चालली आणि अखेर पत्रा टरकन फाटला. दहीवाले दुधाच्या कॅनवर डोके धरून बसले. मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेलो आणि माझ्या नकळत ते वाक्य, जे सहा वर्षे घशात होते, बाहेर आले. "त्या दिवाळीला चूक साडूंची नव्हती. मी पेटी काढून पूजा केली होती. नाडा माझा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता हे मला काहीतरी ऐकवतील. ते एकदम हसू लागले. हसता हसता कॅनवरून घसरले. "अरे शेठ! आपने भी?" ते म्हणाले. "मीसुद्धा केली होती हो! त्याच नवमीला. कुंकू, नारळ, नाडा, सब कुछ. तुमच्याकडं तो तमाशा झाला, मी घाबरलो. साडूसाहेब तपासायला आले तर आत माझा नाडा निघणार! म्हणून दारातूनच लावून दिलं त्यांना. काय तोंड दाखवू?" मग थोडे गंभीर होऊन म्हणाले, "गल्लीतल्या वरच्या तिघांनी पण तेच केलंय. दोन स्क्रूचीच तर बात होती. इतकी मक्खन निघायची पेटी, हाताला राहवत नव्हतं."

मी रस्त्याच्या मधोमध उन्हात उभा राहिलो. त्यांच्या सीलावर कोणाचाच अविश्वास नव्हता. आमच्यापैकी प्रत्येकाने त्यांना दिलेला शब्द मोडला होता आणि प्रत्येक जण त्यांच्यापासून तोंड लपवीत होता. सहा वर्षे एक अख्खी गल्ली एका माणसाला भीत होती, आणि तो माणूस त्या वेळी खेड्यापाड्यांतून मोटारसायकल ताणत होता.

मी तसाच लोधीपुऱ्यात गेलो. साडू जेवून ओसरीवर बसले होते. मी बसलो नाही. म्हणालो, "त्या दिवशी नाडा मी पाहिला होता. तुम्ही खिशात घातला ते पाहिलं. कुंकू पुसलंत तेही पाहिलं. आणि गप्प बसलो."

ते सुपारी कातरत होते. हात थांबला नाही. "माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही पाहिलं ते. समोर काच होती ना शेठ. माझ्या खांद्यावरनं तुमचं तोंड दिसत होतं. पांढरं पडलं होतं."

मी ओसरीच्या कडेला बसलो. मी विचारले, "मग तेव्हाच का नाही बोललात? सगळ्यांच्या देखत?"

"दुकान भरलेलं होतं. मिस्त्रीची चूक लोक विसरून जातात. हलवायाकडं आंबट वास आला ते नाही विसरत. तुमच्या घरात लहान पोरं होती, सण होता." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "अन् नंतरचं म्हणाल, तर तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

"सहा वर्षं?"

"आता तुम्हाला वेळ लागतो बोलायला, हे काय मला नवीन आहे?"

आतून अक्कांचा आवाज आला, "काय झालं हो भाऊजी? रडताय का तुम्ही?" साडू म्हणाले, "काही नाही. ऊन लागलंय त्यांना. पाणी आण." मग मी त्यांना दहीवाल्यांची हकिगत सांगितली, वरच्या तिघांचीही. माझ्या अपराधाच्या वेळी शांत राहिलेला हा माणूस ती ऐकून ताडकन उभा राहिला. "म्हणजे नाडे अजून आतच आहेत? सहा वर्षं? अन् वरून पेस्ट?" त्यांनी चपला घातल्या, थैली उचलली आणि अक्का पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत ते अर्ध्या गल्लीत पोहोचले होते.

त्या वर्षापासून खंडेनवमीला राजपुऱ्यात पेट्या त्यांच्या हातानेच बाहेर निघू लागल्या. दुकानदार हळदकुंकू वाहत, साडू शेजारी उभे राहून "नाडा नाही, नाडा नाही" म्हणत, आणि मग पेटी पुन्हा आत जाई. आता ते दिवसही मागे पडले. नवे काउंटर कारखान्यातूनच बंद होऊन येतात, पेटी बिघडली की अख्खी बदलून मिळते. साडूंचे गुडघे वाकत नाहीत. संध्याकाळी ते माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाइकांना ते माझे वडील वाटतात आणि मी ते दुरुस्त करीत नाही. मनात काही आले, चुकले, कोणाला अधिक बोललो, तर ते मी त्याच दिवशी त्यांना सांगून टाकतो. आवाज माझा मुळातच लहान, आणि त्यांना हल्ली कमी ऐकू येते. ते कानामागे हात नेतात आणि वाट पाहतात. मग मला तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगावे लागते.